निर्दोष गोष्टींचा गठ्ठा

मुलांच्या गोष्टी तपासताना वाईट गोष्टींचा त्रास होत नाही. त्या का फसल्या ते दिसतं, समासात लिहिता येतं, मुलालाही पटतं. फार चांगल्या गोष्टींचाही होत नाही. त्या वाचताना पेन कधी खाली ठेवलं ते कळतही नाही. त्रास होतो तो बऱ्या गोष्टींचा. सुरुवात आहे, मध्य आहे, शेवट आहे. परिच्छेद पाडलेत. अवतरणचिन्हं उघडलीत आणि आठवणीनं मिटलीत. एक मावळता सूर्य येऊन गेलाय. नायकावर संकट आलं आणि पान संपायच्या चार ओळी आधी टळलं. कुठं बोट ठेवावं अशी जागा नाही, आणि पुढची वही उघडेपर्यंत नायकाचं नावही डोक्यात राहिलेलं नसतं.

अशा गोष्टीला दहापैकी किती द्यायचे? आमच्या हातात जो निकषतक्ता असतो, तो म्हणतो आठ. मनातल्या मनात ताणूनही माझ्याकडून पाचाच्या वर जात नाही. शेवटी मी आठच देते, कारण कुणी विचारलं तर आठाचा हिशेब दाखवता येतो, पाचाचा नाही.

बरीच वर्षं हे काम केल्यावर माझं एक मत झालंय. गोष्ट तपासण्याच्या आपल्या बहुतेक पद्धती चुका नसल्याचे गुण देतात, आणि गोष्ट चांगली असण्याचा चुका नसण्याशी फार थोडा संबंध असतो.

हे दुखणं एखाद्या शाळेचं नाही. ऑस्ट्रेलियात तिसरी, पाचवी, सातवी आणि नववीच्या मुलांची नॅपलॅन नावाची राष्ट्रीय चाचणी होते. तिच्यात मुलांना कथालेखन येतं तेव्हा ते तपासायला दहा निकष असतात आणि गुण एकूण ४७. शुद्धलेखनाला ६, वाक्यरचनेला ६, विरामचिन्हांना ५. कल्पनांना ५. पात्रं आणि परिसर या दोन्हींना मिळून ४. म्हणजे भाषेच्या टापटिपीला १७ आणि गोष्टीत कोण आहे, कुठं आहे, काय सुचलंय या सगळ्याला ९. वाचकाचं भान राखण्यालाही ६ गुण आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं; तक्ता करणारे काही अरसिक नव्हते. पण शुद्धलेखनातले सगळे गुण हवे असतील तर अवघड शब्द वापरून ते बिनचूक लिहावे लागतात. मुलं हुशार असतात, त्यांना हे लगेच उमगतं. मग ज्या मुलीनं 'ती रडली' असं लिहिलं असतं ती 'तिच्या नेत्रांतून अश्रूधारा ओघळल्या' लिहिते. गुण वाढतात आणि रडणं जातं.

असा तक्ता करण्यामागचं कारण मात्र मला समजतं. शब्द शुद्ध आहे की अशुद्ध यावर दोन परीक्षक भांडत नाहीत. पात्र जिवंत आहे का, यावर भांडतात. आणि भांडणाचा इतिहास मोठा आहे. १९१२ साली अमेरिकेत डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड एलियट यांनी शाळकरी मुलांच्या इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिका छापून शंभराहून जास्त शाळांत तपासायला पाठवल्या. त्यातल्या एकीला कुणी शंभरपैकी ६४ दिले तर कुणी ९८. भाषेचा विषयच तसा, असं म्हणून सुटता येईना, कारण पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली आणि तिथं गुणांची दरी आणखी रुंद निघाली.

मला जास्त विचारात पाडतो तो १९६१ सालचा पॉल डिडरिक आणि त्याच्या सहकाऱ्यांचा अभ्यास. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षातल्या विद्यार्थ्यांचे ३०० निबंध त्यांनी ५३ वाचकांना दिले. वाचकांत भाषेचे प्राध्यापक होते तसे विज्ञानाचे आणि समाजशास्त्रांचेही होते. शिवाय लेखक-संपादक, वकील, व्यवसायातली माणसं. निकष कुणालाही दिले नव्हते. तुम्हाला जे चांगलं वाटतं त्यानुसार नऊ गठ्ठे करा, एवढंच सांगितलं. ३०० पैकी १०१ निबंध असे निघाले की ते नवाच्या नऊ गठ्ठ्यांत कुठे ना कुठे जाऊन बसले. एकाला सर्वोत्तम वाटला तोच दुसऱ्याला सर्वांत टाकाऊ. पाचपेक्षा कमी वेगवेगळ्या श्रेणी मिळालेला एकही निबंध नव्हता.

हे आकडे ऐकून आमच्या शिक्षकखोलीत लोक एक तर हसतात किंवा हताश होतात. अभ्यासाचा दुसरा भाग सहसा कुणी सांगत नाही. डिडरिकनं वाचकांनी लिहिलेले शेरे आणि त्यांच्या गुणांतले संबंध तपासले, तेव्हा वाचकांचे पाच गट पडले. एका गटाला कल्पना महत्त्वाच्या वाटत होत्या. हा सगळ्यात मोठा. दुसरा भाषेच्या चुकांवर बोट ठेवणारा. तिसरा मांडणी बघत होता, चौथा शब्दयोजना, आणि पाचव्याला लिहिणाऱ्याचा स्वतःचा वास हवा होता. डिडरिकनं त्याला 'स्वाद' म्हटलं. निबंध होते ते, गोष्टी नव्हत्या. पण आमच्या शिक्षकखोलीतही मी ही पाची माणसं नावानिशी दाखवू शकते. मी स्वतः शब्दयोजनेच्या टोळीतली. एखादं वाक्य चांगलं जमलं असेल तर त्या वाक्याच्या उजेडात मला अख्खी गोष्ट चांगली दिसायला लागते, आणि म्हणून माझ्या गुणांवर सरसकट विश्वास ठेवू नये असं मीच सांगते.

या मतभेदावरचा शाळांचा उपाय ठरलेला असतो. परीक्षकांना एकत्र बसवायचं, नमुन्याच्या उत्तरपत्रिका वाटायच्या, सगळ्यांचे गुण एका रेषेत येईपर्यंत चर्चा करायची. एकमत वाढतं, यात शंका नाही. पण ज्यावर एकमत होणं सोपं, त्यालाच तक्त्यात जागा मिळत जाते आणि उरलेलं हळूहळू 'व्यक्तिनिष्ठ' म्हणून बाहेर पडतं.

तपासणाऱ्याच्या थकव्याबद्दल, हस्ताक्षराबद्दल, क्रमाबद्दल तर बोलायलाच नको. तीन रद्दी गोष्टींनंतर आलेली बरी गोष्ट उत्तम वाटते, एका उत्तम गोष्टीनंतर आलेली बरी गोष्ट रद्दी. वळणदार अक्षराचा प्रकाश मजकुरावर पडतो. मी गठ्ठा दोनदा वाचते, दुसऱ्या वेळी उलट क्रमानं, आणि पहिल्या वाचनात गुण लिहीत नाही. यानं सगळं सुटतं असं नाही, पण निदान गठ्ठ्यात वर असल्याचा फायदा कुणाला मिळत नाही.

मग मी नेमकं बघते काय? लेखकानं कुठं काही निवडलंय का, ते.

आई-वडिलांच्या भांडणावर एका मुलीनं लिहिलं होतं. गोष्ट तशी सर्वसाधारण, पसरट, मधला एक परिच्छेद तर दोनदा लिहिल्यासारखा. पण त्यात एक वाक्य होतं: 'आईने दार आपटले नाही, हळू लावले, म्हणून मला भीती वाटली.' दार आपटणं हे भांडणाबरोबर फुकट मिळतं, कुणीही लिहील. हिनं ते हातात घेतलं, नको म्हणाली आणि दुसरं उचललं. त्या एका वाक्यात त्या घरात आजवर किती भांडणं झाली असतील, दार किती वेळा आपटलं असेल आणि आजचं भांडण वेगळं का आहे, हे सगळं आलं. विशेषण एकही नाही. तक्त्यातल्या 'शब्दसंपत्ती'च्या रकान्यात या वाक्याला काही मिळत नाही, कारण त्यातला प्रत्येक शब्द पहिलीतल्या मुलाला येतो.

उलट टोकाला 'तेवढ्यात मला जाग आली आणि कळले की ते स्वप्न होते' हा शेवट. शिक्षक त्याला वैतागतात ते तो शिळा म्हणून. माझं वैतागण्याचं कारण वेगळं आहे. तोवर मुलानं जे जे निवडलं होतं, ते सगळं तो या वाक्यात परत करून टाकतो. कुणी मेलं नाही, कुणी चोरी केली नाही, कुणाला काही भोगावं लागणार नाही.

बोली भाषेचा अभ्यासक विल्यम लाबोव यानं साध्या माणसांनी तोंडी सांगितलेल्या अनुभवांचा अभ्यास केला. जोशुआ वालेट्स्कीबरोबरचा त्याचा लेख १९६७ चा. त्यांना दिसलं की चांगला सांगणारा घटनांचा क्रम तर लावतोच, पण जागोजागी थांबून, वळून, स्वर बदलून हे आपण का सांगतोय तेही ऐकणाऱ्याला जाणवून देतो. तो भाग नसेल तर ऐकणारा शेवटी म्हणतो, 'बरं, मग?' आमच्या तक्त्यात प्रारंभ, समस्या, उत्कर्षबिंदू, शेवट या सगळ्याला घरं आहेत. 'बरं, मग?' या प्रश्नाला घर नाही, आणि निर्दोष गोष्टी नेमक्या तिथंच पडतात.

आता यावर कुणी म्हणेल, बाई, ती निवड होती की अपघात, हे तुम्हाला कसं कळणार? रास्त आहे. घर बदलण्यावरच्या एका गोष्टीत सगळं भूतकाळात चाललं होतं. मुलगी रिकाम्या खोलीत पाऊल टाकते तिथं क्रियापदं वर्तमानात आली, ती खोलीतून बाहेर पडली आणि पुन्हा भूतकाळ. त्याच गठ्ठ्यात दुसऱ्या एका मुलाचा काळ दर तिसऱ्या ओळीला बदलत होता. दोन्हीकडे 'काळ चुकला' असा शेरा मारता आला असता. फरक आजूबाजूला बघितलं की दिसतो: जिथं बाकीचं सगळं सावरलेलं आहे आणि एकाच ठिकाणी, नेमक्या ठिकाणी, काहीतरी मोडलंय, तिथं शंकेचा फायदा लेखकाला द्यावा. शिवाय सरळ विचारायची सोय असते, जी आपण क्वचितच वापरतो. ती मुलगी म्हणाली, 'त्या खोलीत मी अजून आहे असं वाटतं ना.' कधी मूल खांदे उडवतं आणि कळतं की अपघातच होता. तोही चांगला असू शकतो. मी मुलाला तेवढं सांगते, म्हणजे पुढच्या वेळी तो मुद्दाम करता येईल.

वयाचा मुद्दा इथं येतोच. आठ वर्षांच्या मुलाच्या 'मग... मग... मग...' अशा गोष्टीत निवड शोधत बसलं तर हाती काही लागणार नाही. आर्थर ॲपलबीनं १९७८ च्या आपल्या पुस्तकात लहान मुलांच्या गोष्टी असंबद्ध ढिगापासून पूर्ण कथेपर्यंत कशा टप्प्याटप्प्यानं जातात ते मांडलंय. एका पात्राला धरून प्रसंगांची माळ लावणं हा त्यातला एक टप्पा आहे, कमतरता नाही. एकाच मापानं तिसरी आणि नववी मोजायची म्हटलं की हे दिसेनासं होतं.

गोलकीपरच्या गोष्टीवरून आमच्याकडे खरा वाद झाला. एका मुलानं फुटबॉलच्या सामन्यावर लिहिलं. त्याचा नायक गोलकीपर, आणि त्याचा संघ इतका भारी की चेंडू त्याच्याकडे येतच नाही. अख्ख्या गोष्टीत एकदाही नाही. तो उभा राहतो. जाळीच्या भोकांत बोटं घालतो. लांबवर आरडाओरडा होतो तेव्हा मान वर करतो. सामना संपतो, संघ ६-० जिंकतो, सगळे धावत एकमेकांच्या अंगावर पडतात. शेवटची ओळ: 'त्याने उडी मारली, कारण सगळे मारत होते.'

शुद्धलेखन भयंकर. परिच्छेद एकच. माझ्या सहकाऱ्यानं दहापैकी चार दिले: समस्या नाही, उत्कर्षबिंदू नाही, पात्रात बदल नाही. तो डिडरिकच्या मांडणीवाल्या गटातला माणूस, आणि त्याच्या बाजूनं बघितलं तर तो चूक नव्हता. मी नऊ दिले होते. चर्चेत आम्ही सहावर आलो. हे सहा मला अजून खटकतात. चार हे एक वाचन होतं, नऊ हे एक वाचन होतं. सहा हे कुणाचंच वाचन नव्हतं.

तुलनेची पद्धत इथं जरा बरी पडते. लुई थर्स्टननं १९२७ साली मांडलेल्या नियमावर ती उभी आहे: एखाद्या वस्तूला सुटं मोजण्यापेक्षा दोन वस्तू शेजारी ठेवून कोणती सरस ते सांगणं माणसाला पुष्कळ चांगलं जमतं. ब्रिटनमधल्या पुष्कळ शाळांत मुलांचं लेखन आता असं तपासलं जातं. पडद्यावर दोन मजकूर येतात, परीक्षक एकावर बोट ठेवतो, असे निर्णय पुष्कळ जणांकडून गोळा होतात आणि त्यातून क्रम लागतो. पाची गटांची माणसं त्यात आपापल्या नजरेनं वाचतात आणि कुणाला दुसऱ्यासारखं व्हावं लागत नाही. आम्ही टेबलावर वह्या मांडून घरगुती स्वरूपात हे करून बघितलं. गोलकीपरची गोष्ट निर्दोष गोष्टींशेजारी ठेवल्यावर ती एकामागून एक जिंकत गेली. त्या सहकाऱ्याच्या हातूनसुद्धा. पद्धतीचा मोठा दोष असा की ती मुलाला काही सांगत नाही. 'तुझी गोष्ट त्याच्या गोष्टीपेक्षा सरस' हे ऐकून कुणी लिहायला शिकत नाही.

अलीकडे तर निर्दोषपणाचा भावच पडलाय. संगणकाला दोन ओळींत विषय सांगितला की व्याकरणात बसलेली, चढउतार असलेली, शेवटी हलकंसं काहीतरी शिकवणारी गोष्ट चुटकीसरशी हजर होते. चोरी कशी पकडायची यावर शिक्षक डोकं खाजवताहेत. मला वेगळीच गंमत वाटते: आपला तक्ता ज्या गोष्टीला आठ देत आला, ती लिहायला माणूस लागतच नव्हता, हे आता सिद्ध झालं.

राहिला शेऱ्यांचा भाग, आणि खरं तर मुलाच्या दृष्टीनं तोच सगळ्यात मोठा. नॅन्सी सोमर्स हिनं १९८२ साली शिक्षकांच्या शेऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिला आढळलं की बरेचसे शेरे एका वहीवरून उचलून दुसऱ्या वहीवर चिकटवले तरी चालतील असे असतात. 'अधिक स्पष्ट करा.' 'वर्णन वाढवा.' 'छान प्रयत्न.' हे वाचून मी माझे जुने शेरे आठवले आणि विषय बदलला. तेव्हापासून मात्र एक पथ्य पाळते: शेऱ्यात त्या गोष्टीतला निदान एक शब्द असा हवा, की तो दुसऱ्या कुणाच्या वहीवर लिहिला तर निरर्थक होईल. 'जाळीच्या भोकांत बोटं घालतो तिथं मला कंटाळा त्याच्या हातात दिसला.' 'दुसऱ्या पानावर काका येतात ते कशासाठी, मला कळलं नाही.' वाचताना मला काय झालं ते सांगायचं. दुरुस्ती सुचवायची घाई करायची नाही, कारण मी सुचवलेली दुरुस्ती मूल निमूटपणे करतं आणि गोष्ट माझी होते.

रूथ बटलरचा १९८८ चा प्रयोगही पुष्कळ शिक्षकांना माहीत असतो, फक्त अमलात कुणी आणत नाही. काही मुलांना नुसते गुण दिले, काहींना नुसते शेरे, काहींना दोन्ही. नुसते शेरे मिळालेल्यांचं पुढचं काम सुधारलं आणि रसही टिकला. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्यांचा तसा फायदा झाला नाही. आकडा दिसला की वाक्य कोण वाचतो? म्हणून मी वही आधी शेऱ्यासह परत देते, पुन्हा लिहायला सांगते आणि गुण दुसऱ्या खर्ड्यानंतर. पालकांना हे आवडत नाही. कार्यालयाला तर अजिबात नाही. त्यांना तारखेला रकाना भरलेला लागतो.

गोलकीपरवाल्या मुलानंही दुसरा खर्डा लिहिला. मित्रांना वाचून दाखवला होता म्हणे. त्यांनी सांगितलं, 'अरे, यात काही होतच नाही.' मग त्यानं शेवटच्या मिनिटाला पेनल्टी घातली. गोलकीपर डावीकडे झेपावतो, चेंडू अडवतो, सगळे त्याला खांद्यावर उचलतात. परिच्छेद पाच झाले. शुद्धलेखन कुणाकडून तरी तपासून घेतलं होतं. उडीची ओळ गेली, कारण आता त्याला उडी मारायला खरंच कारण होतं.

तक्त्याप्रमाणे आठ होत होते, मी आठ दिले, शेजारी पहिल्या खर्ड्याचे सहाही लिहिले. खाली लिहिलं की मला पहिला खर्डा जास्त आवडला होता आणि का आवडला होता. सुट्टीत तो वही घेऊन आला.

'पहिला जास्त चांगला होता, तर याला दोन गुण जास्त का?'

मी त्याच्यासमोर निकषतक्ता ठेवला. एरवी तो मुलांना दाखवायचा नसतो, पण त्याचा प्रश्न बरोबर होता. त्यानं एकेक रकाना बोट ठेवून वाचला. समस्या. उत्कर्षबिंदू. पात्रातला बदल. परिच्छेद. मग वर बघून म्हणाला, 'म्हणजे हे दोन गुण पेनल्टीचे.'

'एक पेनल्टीचा,' मी म्हटलं. 'एक परिच्छेदांचा.'